गो-गोज ऐकायच्या तर ड्रमच्या बाजूने : ‘ब्युटी अँड द बीट’

‘ब्युटी अँड द बीट’ ही ‘द गो-गोज’ या पाच अमेरिकन बायकांच्या बँडची एलपी, म्हणजे मोठी तबकडी. ती हाती आली तर आधी ‘बी’ बाजू लावा. पहिलंच गाणं ‘वी गॉट द बीट’. सुरुवातीला गिटार नाही, आवाज नाही, नुसता ड्रम. टॉम आणि स्नेअर या ड्रमसेटमधल्या ड्रमांवर ठासून, पण अजिबात घाई न करता वाजवलेला ठेका. मग बाकीच्या एकेक करून येतात, आणि बेलिंडा कार्लाइल गायला तोंड उघडते तोवर तुमचा पाय हलायला लागलेला असतो. बेलिंडा छानच गाते, पण पाय हलवलेला असतो जिना शॉकने. ती बाल्टिमोरहून लॉस एंजेलिसला आलेली ड्रमवाली. ‘द गो-गोज’ या बँडबद्दल जे लिहिलं जातं त्यात तिचं नाव बहुतेक वेळा शेवटी येतं. इथे ते मी मुद्दाम पहिलं घेतलंय.

मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड, वाजवते. हळदी, रिसेप्शन, नवरात्रात मंडळांचे कार्यक्रम, मार्चमध्ये महिला दिन, अधूनमधून गडहिंग्लज-निपाणीकडच्या जत्रा. सुट्टीच्या दिवशी राजारामपुरीत मुलींना ड्रमसेट शिकवते. आमच्या धंद्यात बाई म्हटलं की गायिका, नाहीतर निवेदिका. मी पॅडला जॅक लावत असते आणि आयोजक येऊन विचारतात, “ताई, वाजवणारे कधी यायचेत?” याचा राग मला अजूनही येतो. त्यामुळे पाच बायकांनी स्वतः लिहिलेली, स्वतः वाजवलेली रेकॉर्ड १९८२ साली अमेरिकेत एक नंबरला गेली होती, हे कळल्यावर ती मिळवल्याशिवाय मला चैन पडेना. पुण्यातल्या भावाने जुनी प्रत शोधून आणली आणि वडिलांच्या प्लेअरची सुई बदलून मी ती लावली.

आता थोडं आधीचं. बँड १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला. हॉलीवूडमध्ये एका तळघरात ‘मास्क’ नावाचा क्लब होता, तिथल्या पंक, म्हणजे वेगवान, खरखरीत रॉकच्या नादी लागलेल्या, पोरापोरींच्या घोळक्यातून. तिथे वाजवता येणं ही अटच नव्हती. बेलिंडा आणि गिटारवाली जेन विडलिन याच घोळक्यातल्या. शार्लट कॅफी मात्र संगीत शिकलेली होती. आधीच्या बँडमध्ये ती बास गिटार वाजवायची, इथे तिने लीड गिटार हातात घेतली. १९७९ मध्ये जिना आली आणि तिने तालमीची शिस्त लावली. मौजमजेसाठी जमलेल्या मुलींचा बँड झाला तो तिथे, असं मी मानते. १९८० मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, ‘मॅडनेस’ आणि ‘द स्पेशल्स’ या बँडांच्या आधी वाजवायला. तिथल्या स्किनहेड, म्हणजे डोकं तासलेल्या दांडगट, पोरांनी त्यांच्यावर थुंकायचं, शिव्या घालायच्या आणि यांनी वाजवत राहायचं. ‘स्टिफ’ या रेकॉर्ड कंपनीने तिकडे ‘वी गॉट द बीट’ची पहिली, कच्ची आवृत्ती काढली. एकेका रात्रीत माणूस किती पक्का होतो हे ज्याने दारू प्यालेल्या गर्दीसमोर कार्यक्रम केलेत त्याला वेगळं सांगायला नको.

त्या वर्षाच्या शेवटी बासवाली बदलली. मार्गो ओलाव्हारिया सुरुवातीपासून बँडमध्ये होती, तिला पंक सोडायचं नव्हतं. ती आजारी असताना तिच्या जागी केथी व्हॅलेंटाइन आली आणि तीच कायम झाली. मार्गोवर अन्याय झाला असं मला वाटतं. पण केथीचा बास ऐकला की माझी पंचाईत होते. ती मुळात गिटारवाली, टेक्ससची. बास घेऊन थोड्या दिवसांत सगळी गाणी बसवली आणि लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ या क्लबच्या स्टेजवर उभी राहिली. जिनाचा किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि केथीचा बास या रेकॉर्डवर असे जुळलेत, की दोघी वर्षानुवर्षं एकत्र वाजवत असाव्यात. प्रत्यक्षात काही महिनेच झाले होते.

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी यांना घेतलं नाही. बायकांचा बँड खपत नाही, हे कारण. एप्रिल १९८१ मध्ये माइल्स कोपलंडच्या ‘आयआरएस’ या छोट्या कंपनीने करार केला. न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग झालं, निर्माते रिचर्ड गॉटेरर आणि रॉब फ्रीमन. आणि इथे ती गोष्ट घडली जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

गॉटेररने लय उतरवली.

क्लबात या मुली सगळं भरधाव वाजवायच्या. पंकमध्ये वेग हीच ताकद समजली जाते. गॉटेरर हा साठच्या दशकातला जुना गाणेवाला, मुलींच्या गायन-चमूंसाठी हिट गाणी लिहिलेला, ‘ब्लाँडी’चा पहिला अल्बम केलेला. त्याला चाली दिसत होत्या आणि वेगात त्या चिरडल्या जात होत्या. त्याने सगळं सावकाश वाजवायला लावलं, शब्द कळतील असं गायला लावलं. रेकॉर्ड तयार होऊन हातात आली तेव्हा पाचही जणी हादरल्या. आपण पंक केलंय असं त्या धरून चालल्या होत्या आणि निघालं होतं स्वच्छ, चकचकीत पॉप. हे त्यांनी नंतर मुलाखतींमधून उघड सांगितलंय.

वाजवणारी म्हणून माझं मत गॉटेररच्या बाजूने आहे, अगदी शंभर टक्के. लय चढवायला काही लागत नाही. हळदीत पोरं नाचायला उतरली की ठेका आपोआप पळायला लागतो, अंगात येतं, कुणाला कळतही नाही. मधल्या लयीत तीन मिनिटं बसून राहणं, ना पुढे ना मागे, आणि तरी ऐकणाऱ्याला सुस्त वाटू न देणं, याला खरा हात लागतो. खासबागेत कुस्ती लागल्यावर हलगी ऐका. दोघं मल्ल नुसते खडाखडी करत फिरत असतात तेव्हा मुरलेला हलगीवाला उगाच कडकडाट करत नाही, लय दाबून धरतो, आणि मैदान तेवढ्यावर ताणलेलं राहतं. जिनाचं वाजवणं त्या जातीचं आहे. ‘वी गॉट द बीट’मध्ये तिला जागोजागी सुटायला वाव आहे आणि ती सुटत नाही. रोल येतो तो एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गाणं ढकलण्यापुरता. हाताची ताकद आख्ख्या गाण्यात कुठेही कमी होत नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, लावून याच गाण्यावर बसवते. दुसऱ्या मिनिटाला बहुतेकींचा हात पळतो आणि मग त्यांना कळतं की हे सोपं नव्हतं.

गाणं शार्लटचं आहे, शब्द आणि चाल दोन्ही. शब्द म्हटलं तर काहीच नाहीत. सगळे नाचताहेत, आमच्याकडे ठेका आहे, एवढंच. पण पाच बायकांनी “ठेका आमच्याकडे आहे” असं ठणकावून सांगणं मला फार मोठं वाटतं.

आता ‘ए’ बाजू. पहिलं गाणं ‘अवर लिप्स आर सील्ड’, बँडचं सगळ्यात नावाजलेलं. इंग्लंडच्या दौऱ्यात जेन आणि ‘द स्पेशल्स’चा गायक टेरी हॉल यांचं जुळलं होतं. त्याची आधीची मैत्रीण होती, गुंता होता. त्याने पत्रातून ओळी पाठवल्या, जेनने त्याचं गाणं केलं. लोक काय बोलतात ते बोलू देत, आपण तोंड उघडायचं नाही, असा भाव. पेठेत वाढलेल्या कुठल्याही मुलीला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. गाण्याच्या मध्यावर बेलिंडा थांबते आणि जेन एकटी, वरच्या पट्टीत, अगदी हलक्या आवाजात गाते. तेवढ्या जागेसाठी मी हे गाणं पुन्हापुन्हा लावते. टेरी हॉलने नंतर ‘फन बॉय थ्री’बरोबर हेच गाणं १९८३ मध्ये केलं. ते उदास आणि जड आहे, आणि चांगलं आहे. दोन्ही पाठोपाठ ऐकली की एकाच भांडणाच्या दोन बाजू ऐकल्यासारखं होतं.

‘हाऊ मच मोअर’ आणि ‘टुनाइट’ ही दोन्ही गाणी झटपट जातात, ऐकताना बरी वाटतात. ‘लस्ट टू लव्ह’ जास्त चांगलं, त्यात चाल दोनदा अनपेक्षित वळते. ‘धिस टाउन’ हे लॉस एंजेलिसवरचं गाणं, वरून ऐटीत, आतून जरा कडू, आणि त्यात जुन्या सर्फ गिटारची झाक आहे. आपल्या शहरावर प्रेमही असावं आणि त्याचं वाभाडंही काढता यावं, असं गाणं कोल्हापूरवर अजून कुणी केलेलं नाही. आपल्याकडे शहरावर गाणं म्हटलं की तांबडा-पांढरा, पैलवान आणि चप्पल यांच्यापुढे गाडी जात नाही.

‘बी’ बाजूवरचं ‘ऑटोमॅटिक’ कुणी फारसं काढत नाही. जेनचं गाणं. त्यात भरपूर मोकळी जागा सोडलीय, वाद्यं एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. चकचकीत रेकॉर्डच्या मधोमध हे असं थंड, विचित्र गाणं ठेवायला धीर लागतो. माझ्या आवडीत ते दुसऱ्या नंबरवर आहे. ‘फेडिंग फास्ट’ पण ऐका, शार्लटची चाल किती सरळ असते आणि तरी कशी धरून ठेवते ते त्यात दिसतं. ‘स्किडमार्क्स ऑन माय हार्ट’ला मात्र मी काही भाव देत नाही. गाडीवर प्रेम करणारा प्रियकर, ब्रेक, टायर, ही गंमत एकदा ऐकायला ठीक. शेवटचं ‘कान्ट स्टॉप द वर्ल्ड’ केथीचं, आणि नव्याने आलेल्या बाईला शेवटचं गाणं मिळालं याचं मला कौतुक वाटतं.

दोष आहेत. खालचा आवाज पातळ आहे. किकला आजच्यासारखं पोट नाही. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या साउंडच्या भिंतींनी कानांना जी सवय लावून ठेवलीय, तिच्यासमोर ही रेकॉर्ड पहिल्यांदा किरकोळ वाटेल. फोनच्या स्पीकरवर तर बास नाहीसाच होतो आणि मग निम्मं गाणं गेलंच. साधे पण बरे हेडफोन घ्या. बेलिंडाचा आवाज बऱ्याच ठिकाणी दुहेरी केलेला, म्हणजे तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवलेला, आहे, ते मला सगळीकडे पटत नाही. तिचा एकेरी आवाज थोडा कापरा आहे आणि तो तसाच ऐकायला मला आवडला असता.

कव्हर मात्र दहापैकी दहा. पाचही जणी अंगाला टॉवेल गुंडाळून, तोंडाला पांढरं क्रीम फासून बसल्यात. मागच्या बाजूला प्रत्येक जण बाथटबमध्ये. कव्हरकडे बघून गायिका कोण, ड्रमवाली कोण, काही कळत नाही. आमच्या फ्लेक्सवर गायिकेचा फोटो मोठा, तिच्याखाली निवेदक, आणि वाजवणारे “सहकारी” या एका शब्दात. इथे पाचही चेहरे एका मापाचे. पुढे १९८२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने याच बायकांना अंतर्वस्त्रांत मुखपृष्ठावर आणलं, वर द्व्यर्थी मथळा दिला. आठवड्यांमागून आठवडे रेकॉर्ड पहिल्या नंबरवर ठेवलेल्या बँडला हे बक्षीस. ते पान बघून मला जे वाटलं ते इथे छापण्यासारखं नाही.

त्या पहिल्या नंबरची गोष्ट सांगायलाच हवी. रेकॉर्ड जुलै १९८१ ची. ती हळूहळू चढत गेली. त्या काळात गो-गोज ‘द पोलिस’ या बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होत्या. आधी वाजवणाऱ्यांची रेकॉर्ड मुख्य बँडच्या रेकॉर्डच्या वर निघून गेली, आणि ‘द पोलिस’चा गायक स्टिंग शॅम्पेन घेऊन अभिनंदन करायला आला. मार्च १९८२ मध्ये ती ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन मासिकाच्या अल्बम यादीत पहिली आली आणि सहा आठवडे तिथे राहिली. गाणी स्वतः लिहिणाऱ्या आणि वाद्यं स्वतः वाजवणाऱ्या बायकांच्या बँडला हे जमलं ते पहिल्यांदाच.

मग बँड फुटला का? व्यसनं होती, थकवा होता, दुसरा अल्बम ‘व्हेकेशन’ घाईत करायला लागला. त्याचं शीर्षकगीत उत्तम आणि बाकी बरंचसं भरताड. पण मला सगळ्यात ओळखीचं कारण वाटतं ते पैशाचं. गाणं ज्याच्या नावावर, त्याला रॉयल्टी. शार्लट आणि जेन जास्त लिहायच्या, त्यांना जास्त मिळायचं. जिना ड्रमवर घाम गाळायची आणि लेखनाचा वाटा जवळपास नाही. कायद्याने बरोबर असेल. पण ‘वी गॉट द बीट’मधून तो ड्रम काढून ठेवा आणि मग सांगा गाणं कुणाचं. आमच्या लाइनीत हा प्रश्न रोजचा आहे. सुपारी ठरते तेव्हा गायिकेचं पाकीट वेगळं, वाजवणाऱ्यांचं वेगळं, आणि फरक कार्यक्रम संपल्यावर टेम्पोत बसल्यावर कळतो. मी चांगले ग्रुप यावरून मोडलेले बघितलेत, सूर चुकला म्हणून एकही मोडलेला बघितला नाही. ज्यांना ग्रुप काढायचाय त्यांनी पहिल्या तालमीआधी वाटणी कागदावर लिहावी. मैत्रिणी असाल तर आवर्जून.

जेन १९८४ च्या शेवटी बाहेर पडली. तिच्या तक्रारींत पैसे होते, आणि स्वतःचं गाणं स्वतः गाऊ दिलं नाही हेही होतं. १९८५ मध्ये बँड संपला. त्याआधी, १९८४ चा ‘टॉक शो’ हा अल्बम फार कमी लोकांनी ऐकलाय, आणि वाजवण्याच्या दृष्टीने मला तो ‘व्हेकेशन’पेक्षा कितीतरी वरचा वाटतो. निर्माता मार्टिन रशंट. ‘हेड ओव्हर हील्स’मध्ये शार्लटचा पियानो आहे आणि मध्ये केथीला बासची स्वतंत्र जागा दिलीय. बासवालीला भर गाण्यात मोकळी जागा! त्याच वर्षी जिनाच्या हृदयाला जन्मजात छिद्र असल्याचं निघालं आणि शस्त्रक्रिया झाली. इतकी वर्षं ती त्या हृदयावर असं वाजवत होती, हे वाचून मी ‘बी’ बाजू पुन्हा लावली.

नंतर त्या अनेकदा एकत्र आल्या, भांडल्या, कोर्टात गेल्या, परत आल्या. २००१ चा ‘गॉड ब्लेस द गो-गोज’ ठीक आहे. २०२० मध्ये ॲलिसन एलवूडने त्यांच्यावर माहितीपट केला, तो जरूर बघा, कारण त्यात पाचही जणी एकमेकींबद्दल न लपवता बोलतात, मार्गोसुद्धा बोलते. २०२१ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना घेतलं. पात्र होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर.

आपल्या गावाला बायकांचं गाणं नवं नाही. अल्लादिया खाँसाहेब इथे दरबारात होते, त्यांच्या शिष्या केसरबाई आणि मोगूबाई यांची नावं देवल क्लब या इथल्या संगीत संस्थेत आजही आदराने घेतली जातात. पण बाईने वाजवायचं म्हटलं की गाव अजून भुवया वर करतं. मुलींची ढोलपथकं आली, लेझीम तर होतंच, तरी ड्रमसेट विकत घेऊन द्यायची वेळ आली की आईबाप म्हणतात, गाणंच शीक की. अशा आईबापांना मी ही रेकॉर्ड ऐकवते. वाद घालत नाही. ‘बी’ बाजू लावते, आणि गाणं संपल्यावर सांगते की वाजवणारी मुलगी आहे.

घ्यायची का? एलपी आयात केलेली पडते, महाग आहे. प्लेअर नसेल तर उगाच खर्च करू नका, गाणी ऑनलाइन सहज मिळतात. अल्बम पस्तीस मिनिटांच्या आसपासचा आहे, तेव्हा तुकडे न करता एका बैठकीत ऐका. प्लेअर असेल तर मात्र घ्याच, कव्हरसाठी आणि बाजू उलटण्यासाठी. जुनी प्रत घेताना ‘बी’ बाजूची कड उजेडात धरून बघा. सगळ्यांनी ‘वी गॉट द बीट’च जास्त वाजवलेलं असतं, त्यामुळे झिज तिथेच सापडते. माझ्या प्रतीत आहे थोडी, पण ड्रम तिच्यातूनही स्पष्ट ऐकू येतो. पाचपैकी साडेचार, आणि उरलेला अर्धा ‘स्किडमार्क्स’साठी कापलाय. ‘टॉक शो’ची प्रत भावाला शोधायला सांगितली आहे.